तारांकित प्रश्न : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

विधानसभेच्या किंवा विधान परिषदेच्या सदस्याने मंत्र्याला त्याच्या खात्याच्या कारभाराविषयी रीतसर सूचना देऊन विचारलेला, आणि मंत्र्याने सभागृहात उभे राहून ज्याचे उत्तर द्यायचे असते, असा प्रश्न. लेखी उत्तरावर भागतो तो अतारांकित प्रश्न. तारांकित प्रश्नाचे खरे बळ त्याला जोडून येणाऱ्या उपप्रश्नांत असते. छापील उत्तर मंत्र्याच्या हाती आधीच तयार असते. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला तिथल्या तिथे, विषयाच्या जाणकारीवर उत्तर द्यावे लागते. कामकाजाच्या दिवशी सुरुवातीचा जो तास यासाठी राखलेला असतो तो प्रश्नोत्तराचा तास. या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखी दिली असे धरतात.

सातारा जिल्ह्यातून फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा असे आठ आमदार विधानसभेत जातात. सांगली जिल्ह्यातूनही मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ आणि जत असे आठच. २८८ जणांच्या सभागृहात जतचा क्रमांकच २८८ वा, म्हणजे राज्याच्या यादीतला शेवटचा. विधान परिषदेत सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक मतदारसंघ आहे, शिवाय पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांत हे दोन्ही जिल्हे मोडतात. त्यामुळे शाळेच्या अनुदानाचा प्रश्न विधानसभेत मागे पडला तरी शिक्षक आमदारामार्फत परिषदेत येऊ शकतो, आणि तसा तो येतोही.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. ‘माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते आणि पुढे क्रमांक घालून मुद्दे येतात. नमुन्यादाखल जत तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्राविषयीचा प्रश्न घेतला, तर तो साधारण असा उतरेल : ‘(१) सदर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्यामुळे रुग्णांना उपचारासाठी मिरजेस जावे लागत आहे, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय व तदनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ यावर उत्तर येते : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) रिक्त पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

चार ओळींत सरकार मोकळे झाले असे वरवर दिसते. पण अभ्यासू सदस्य इथूनच सुरुवात करतो. पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, अतिरिक्त कार्यभार कोणाकडे आहे, तो अधिकारी आठवड्यातून किती दिवस केंद्रात येतो, त्या काळात किती बाळंतिणींना पुढे पाठवावे लागले, हे त्याने गावातून विचारून आणलेले असते. मंत्र्याच्या टाचणात यातले निम्मेही नसते. मग ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’ असे म्हणावे लागते किंवा तारखेनिशी आश्वासन द्यावे लागते. उत्तर समाधानकारक नसेल तर ‘प्रश्न राखून ठेवा’ अशी मागणी होते. अध्यक्षांनी ती मान्य केली की त्याच विषयावर मंत्र्याला पुन्हा उभे राहावे लागते. प्रश्न विचारणाऱ्याने गावात जाऊन घरचा अभ्यास केला होता की नाही, हे अशा पाच मिनिटांत सगळ्या सभागृहाला कळते.

आरोग्याच्या प्रश्नात खाते ओळखण्याची मेख आहे. तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते आणि त्यांचे उत्तर सार्वजनिक आरोग्य मंत्री देतात. पण सांगलीचे ‘सिव्हिल’, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही दोन्ही १९६२ साली सुरू झालेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. तिथली औषधटंचाई किंवा बंद पडलेले यंत्र हा विषय वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांचा होतो. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न वर्ग होऊन योग्य खात्याकडे पोहोचेपर्यंत अधिवेशन संपायला येते. रुग्णाला या सरहद्दी ठाऊक असायचे कारण नाही. आमदाराच्या कार्यालयाला मात्र त्या पाठ असाव्या लागतात.

गृह विभागाचा पसाराही असाच मोठा आहे. पोलीस आणि तुरुंग तर त्यात आहेतच, पण परिवहन व राज्य उत्पादन शुल्क हेही याच विभागाखाली येतात. म्हणजे दूरक्षेत्रातली, म्हणजे पोलीस चौकीतली, अपुरी पोलीससंख्या, पुणे-बंगळूरू महामार्गावरचे अपघात, आरटीओचे दाखले, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या आणि गावठी दारूच्या भट्ट्या हे सगळे विषय एकाच विभागाच्या वेगवेगळ्या शाखांकडे जातात. माण-खटावच्या वाडीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी सकाळची एसटी हीच सरकारी सेवा असते. अशा प्रश्नाला ‘किरकोळ’ म्हणून हसणाऱ्यांना ग्रामीण जीवन ठाऊक नसते.

प्रश्न स्वीकृत झाला की जिल्ह्यात जी धावपळ सुरू होते ती फारशी कोणी लिहून ठेवत नाही. मंत्रालयातला कक्ष अधिकारी माहिती मागवतो. पोलीस विषय असेल तर मागणी पोलीस महासंचालक कार्यालयातून कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे, तिथून सातारा किंवा सांगलीच्या पोलीस अधीक्षकांकडे, मग उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे आणि शेवटी ठाण्यात पोहोचते. महसुलाचा विषय असेल तर पुण्याच्या विभागीय आयुक्तांमार्फत जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार अशी उतरंड असते. कार्यालयात अशा विधानसभा प्रश्नाला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ म्हटले की त्या टेबलावरची बाकीची कामे बाजूला पडतात, रजा रद्द होतात, जुनी नोंदवही कपाटातून बाहेर निघते. आणि इथेच प्रश्नाचा पहिला, कित्येकदा सर्वांत मोठा, परिणाम होतो. महिनोन् महिने न हललेला अर्ज उत्तर तयार करताना हलतो, कारण ‘कार्यवाही केली’ असे लिहिण्यासाठी ती आधी करावी लागते. प्रश्न सभागृहात पुकारलाच गेला नाही तरी हे घडून गेलेले असते.

पोलिसांविषयीच्या प्रश्नांना एक अडसर नेहमी येतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर त्याच्या गुणदोषांवर चर्चा होत नाही. तपास चालू असेल तर मंत्री तपशील द्यायला नकार देऊ शकतात. हा संकेत योग्यच आहे, पण त्याची ढाल करून कारभाराचे प्रश्नही टाळले जातात. आरोपी दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. कोठडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण जपले होते का, वैद्यकीय तपासणी वेळेत झाली का, निलंबनाचा आदेश कधी निघाला, हे मात्र सरकारला विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात पोलिसांनाच अटक झाली. अशा घटनेनंतर सरकारला जाब विचारण्याची हक्काची जागा विधिमंडळच असते.

तातडीच्या विषयाला तारांकित प्रश्न पुरत नाही, कारण त्याची सूचना बरीच आधी द्यावी लागते. त्यासाठी लक्षवेधी सूचना असते. तिच्यावर मंत्री निवेदन करतात आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. याखेरीज अल्पसूचना प्रश्न, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा आणि स्थगन प्रस्ताव ही साधने आहेत. विरोधी पक्षाला मोठी चर्चा हवी असली की विधानसभेत नियम २९३ चा आधार घेतात.

कृष्णा-वारणेच्या पुरांनी या साधनांची कसोटी पाहिली. २००५, २०१९ आणि २०२१ अशी तीन मोठी संकटे या भागाने झेलली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. पूर एकच, पण प्रश्नाची वाटणी होते : कोयना धरणाचा विसर्ग आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी जलसंपदेकडे, पंचनामे महसुलाकडे, सानुग्रह मदत आणि स्थलांतर हे ‘मदत व पुनर्वसन’ विभागाकडे, बुडालेला ऊस कृषीकडे. प्रत्येक मंत्री आपल्या वाट्याचे उत्तर देतो आणि बोटीची जबाबदारी नेमकी कोणाची होती, हा मधला प्रश्न तसाच राहू शकतो. अशा वेळी सुटे प्रश्न विचारण्यापेक्षा एकत्र चर्चा मागणे शहाणपणाचे ठरते.

मोठ्या दुर्घटनेत चौकशी आयोग नेमला जातो. वाई तालुक्यातल्या मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो भाविक मृत्युमुखी पडले, तेव्हा न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार असा अहवाल सरकारला सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, केलेल्या कार्यवाहीच्या टिपणासह सभागृहापुढे ठेवावा लागतो. तो कधी ठेवणार, हा प्रश्न विचारणे सदस्यांच्या हातात असते.

ही परंपरा इंग्रजी अमदानीतली. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांत प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्नाचा हक्क आला. १९१९ च्या सुधारणांनंतर साताऱ्याचे भास्करराव जाधव मुंबई प्रांतात मंत्री झाले, पण त्या द्विदल राज्यपद्धतीत पोलीस खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिलेच नव्हते. पुढे याच मुलखाने प्रतिसरकार चालवून पोलीस राज्याला आव्हान दिले आणि क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये लोकसभेवर गेले. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील दीर्घकाळ विधान परिषदेत शेतकरी-कामकऱ्यांचे प्रश्न मांडत राहिले.

उत्तर देणारेही याच भागाने दिले, आणि तेही गृहखात्याचे. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण १९४६ मध्ये मुंबई सरकारात गृहखात्याचे संसदीय सचिव झाले आणि १९६६ ते १९७० या काळात देशाचे गृहमंत्री होते. पाटणचे बाळासाहेब देसाई राज्याचे गृहमंत्री होते, नंतर विधानसभेचे अध्यक्षही झाले. त्यांचे नातू शंभूराज देसाई अलीकडे गृह (ग्रामीण) राज्यमंत्री होते. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील १९९० मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि विरोधी बाकांवरून अभ्यासपूर्ण प्रश्न विचारणारा आमदार म्हणून पुढे आले. नंतर गृहमंत्री म्हणून तेच उत्तरे देत होते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी इस्लामपूरचे जयंत पाटील आले. म्हणजे गृहखाते एका तालुक्यातून निघाले ते त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यात गेले. याचा फायदा जिल्ह्याला किती झाला यावर मतभेद असू शकतात. आपला माणूस उत्तर द्यायला उभा असताना आपल्याच भागातल्या सदस्याने त्याला कठोर उपप्रश्न विचारणे अवघड जाते, हे मात्र खरे, आणि अशा वेळी विचारतो तोच आपले काम चोख करतो.

संसदेत लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. पण खासदाराने कोरेगावच्या पोलीस ठाण्याविषयी केंद्रीय गृहमंत्र्यांना विचारले, तर पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत असेच उत्तर येणार. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली ही वाटणी आहे. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडमुळे संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. दवाखान्यांविषयी विचारण्यासारखे सर्वांत जास्त होते तेव्हाच हे घडले, याची खंत वाटते.

सभागृहात मंत्री ‘करू’, ‘चौकशी लावू’ म्हणतात त्याची नोंद आश्वासन म्हणून होते आणि ते पाळले की नाही हे आश्वासन समिती पाहते. सदस्य बदलला, सरकार बदलले तरी आश्वासन शासनाचेच राहते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर विशेषाधिकारभंगाची सूचना देता येते. पंचायत राज समितीचा, म्हणजे ‘पीआरसी’चा, जिल्हा परिषदेत दौरा आला की अधिकाऱ्यांना आमदारांसमोर समोरासमोर उत्तरे द्यावी लागतात.

यातल्या कितीतरी प्रश्नांचा उगम पंचायत समितीच्या वार्षिक आमसभेत असतो. आमदार अध्यक्षस्थानी, समोर महावितरण, बांधकाम, आरोग्य, एसटी, पोलीस यांचे अधिकारी आणि मंडपात गावोगावचे लोक. इथे कोणतीही सूचना द्यावी लागत नाही, हात वर केला की पुरते. ट्रान्सफॉर्मर जळून किती दिवस झाले, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पोटपाट्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत का येत नाही, असे विचारणारा शेतकरी तारखा तोंडपाठ सांगतो. ज्या आमदाराचा स्वीय सहायक या तारखा वहीत टिपून घेतो, त्याच्या पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देणे खात्याला जड जाते. काही तालुक्यांत ही आमसभा वर्षानुवर्षे भरवलीच जात नाही.