सात वाजताची खुर्ची

एका नातेवाइकाला सोबत म्हणून मी सांगलीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना साथ देणाऱ्यांच्या 'एए' या गटाच्या, मीटिंगला गेलो होतो. वेळ संध्याकाळी सातची. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. मार्केट यार्डातला एक हमाल बोलायला उठला. हळदीची पोती वाहून नखांच्या कडा पिवळ्या झालेल्या. म्हणाला, "दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला की तोंडाला पाणी सुटायचं. अजून खिशात हातसुद्धा घातलेला नसायचा."

सगळे हसले. पण मेंदूविज्ञानातली एक मोठी गोष्ट तो एका वाक्यात सांगून बसला होता. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. पुढे रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी या पेशी दिवा लागतानाच उसळू लागल्या. रस आल्यावर शांत. माणसाचा दिवा म्हणजे शटरचा आवाज, पगाराचा दिवस, नेहमीचा दोस्त, सातची वेळ. म्हणून घरी बसून नुसता निश्चय केलेला माणूस कोपऱ्यावर गेला की हरतो. गावानं ठराव करून बाटली आडवी केली तरी काही जण एसटीनं शेजारचं गाव गाठतातच.

मीटिंगचा पत्ता शोधण्याआधी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी नेमकं उलटं करून ठेवतो: ब्रेक सैल, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. अशात दारू एकदम थांबली तर काही तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, वार कळत नाही. यात जीवही जातो. आपल्याकडे एकादशीला माळ घालून त्याच दिवशी दारू बंद करणारे पुष्कळ. माळेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण रोजच्या पिणाऱ्याने ती घालायच्या आधी डॉक्टर गाठावा. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथं या दिवसांसाठी औषधं मिळतात आणि दारूने खलास केलेलं बी-१ जीवनसत्त्वही भरून काढतात.

शरीर सावरलं की प्रश्न उरतो सात वाजताचा. एएचा जन्म अशाच एका संध्याकाळचा. १९३५ साली बिल विल्सन हा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये धंद्यात आपटला होता. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. दारू सोडून काही महिनेच झालेले. त्याने फोन उचलला आणि पिणाऱ्या दुसऱ्या कोणाशी बोलता येईल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटं बसू म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले.

याचा उपयोग होतो का? कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२० मधल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. एएकडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांत वर्षाअखेरीस ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर प्रचलित उपचारांत ३५ टक्के. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हे ध्यानात ठेवावं. जादू नाही, पण फुकटच्या गोष्टीसाठी हा फरक कमी नाही. तो कशामुळे पडतो, याच्या शोधात एक कारण पुन्हा पुन्हा सापडतं: माणसाची संगत बदलते. पिणारे दोस्त कमी होतात, न पिणारे वाढतात.

मीटिंग शोधायला एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी असते. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्याचं 'मुक्तांगण' किंवा साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' या व्यसनमुक्ती केंद्रांकडेही विचारता येईल. जाण्याआधी फोन करावा, कारण जागा आणि वार बदलतात. 'खुली' मीटिंग असेल तर घरचेही येऊ शकतात. 'बंद' मीटिंग फक्त मद्यपाशात अडकलेल्यांची. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. देवाची भाषा कानावर येते. ज्याला ती पटत नाही त्याने कान थोडे सैल सोडावेत. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. भाजीत गुपचूप गोळी मिसळण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नये. दारू सोडवायची काही औषधं पोटात असताना दारू पडली तर रक्तदाब कोसळू शकतो.

आणि ओळखीचं कोणी भेटलं तर? सांगलीत भेटणारच. माझ्या नातेवाइकाला पहिल्याच दिवशी गल्लीतला शिंपी भेटला. दोघंही खाली बघत बसले. तीन मीटिंगा माझा माणूस एक शब्द बोलला नाही, कोणी बोलायला लावलंही नाही. चौथ्या वेळी शिंप्याने त्याच्या हातात चहाची किटली दिली आणि म्हणाला, "आजचा चहा तुमच्याकडं. साखर कमी घाला."