कांदा, कापूर आणि शॉक

ओळखीतल्या एका काकूंचं जेवण सुटलं, मग बोलणं सुटलं. शेवटी शेवटी तर त्या पाण्याचा घोटही घेईनात. डॉक्टरांनी ईसीटीचं, म्हणजे तीव्र नैराश्यासारख्या आजारात विजेने मुद्दाम फिट आणण्याच्या उपचाराचं, नाव काढलं आणि घरातून पहिली प्रतिक्रिया आली: "शॉक? म्हणजे आता हिला वेड्यातच काढणार!"

सगळा घोळ त्या 'शॉक' शब्दाने केलाय. इथे वीज हे औषध नव्हेच. विजेचं काम काडी ओढण्यापुरतं. औषध आहे ती फिट. आणि मला विचाराल तर खरी गंमत फिट येण्यापेक्षा ती थांबण्यात आहे.

विजेच्याही आधी कापूर होता. १९३४ मध्ये बुडापेस्टचे मनोविकारतज्ज्ञ मेदुना यांनी तेलात विरघळवलेला कापूर टोचून रुग्णांना मुद्दाम फिट आणली. फेफरं आणि स्किझोफ्रेनिया एका मेंदूत नांदत नाहीत, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा ठरला, तरी काही रुग्ण सुधारले. पण कापूर टोचल्यावर फिट कधी येईल याचा नेम नसे. रोमच्या खाटीकखान्यात डुकरांना कापण्याआधी करंट देत. त्याने डुक्कर मरत नाही, त्याला फिट येते, हे तिथले मनोविकारतज्ज्ञ चेर्लेत्ती यांनी पाहिलं आणि १९३८ मध्ये सहकारी बिनी यांच्यासोबत पहिल्या रुग्णावर वीज वापरली.

तेव्हा भूल देत नसत. झटक्यांनी मणकेसुद्धा मोडत. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी आहे. आता रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो, सकाळी सलाईनची सुई लागते, भुलीचं इंजेक्शन दिलं की मिनिटाभरात झोप. मग येते एक युक्ती, मला भारी आवडणारी. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका घोट्यावर बीपीचा पट्टा करकचून फुगवतात. औषध त्या पावलापर्यंत पोचतच नाही. मेंदूत वादळ चाललेलं असताना अख्खा देह निपचित, आणि हलतात फक्त त्या पावलाची बोटं. त्यांच्यावर नजर ठेवून फिट किती सेकंद चालली ते मोजायचं.

करंट साधारण ०.८ अँपिअर, तोही सूक्ष्म ठोक्यांच्या रूपात. समजा एकूण २०० मिलिकुलोम (म्हणजे ०.२ कुलोम) विद्युतभार दिला. त्याला ०.८ ने भागलं तर प्रत्यक्ष वीज वाहिली पाव सेकंद! फिट मात्र पुढे अर्धा मिनिट, कधी मिनिटभर चालते आणि बहुधा आपोआप थांबते.

आपोआप का थांबते? रस्त्यात कुणाला फिट आली की कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, अशी धावपळ उडते. मिनिट-दोन मिनिटांत फिट ओसरते आणि श्रेय कांद्याला जातं. खरं काम मेंदूनेच केलेलं असतं. पेशी बेफाम पेटल्या की गाबा नावाचं रसायन त्यांच्यातल्या क्लोराइडच्या वाटा उघडतं, ऋणभार आत शिरतो आणि पेशी पुन्हा पेटायला कठीण होते. शिवाय पेशींची ऊर्जा खर्ची पडते तसं अ‍ॅडेनोसिन नावाचं दुसरं रसायन साठतं आणि तेही ब्रेक लावतं. चहातलं कॅफीन नेमकं अ‍ॅडेनोसिनला अडवतं, म्हणून फिट फार तोकडी पडते तेव्हा काही डॉक्टर आधी कॅफीन टोचून बघत. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, हे सगळं दिसतं: आधी टोकदार रेघांची दाटी, मग संथ लाटा, मग एकदम सपाट.

आठवड्यातून दोन-तीनदा, असे ६ ते १२ वेळा हे चालतं. तेवढ्यात फिट आणायला लागणाऱ्या विजेचा उंबरठाच वर चढत जातो. ब्रेक बळकट होतो म्हणा ना! नैराश्य हटण्याचं कारण हाच ब्रेक असावा, असं एक गृहीतक आहे. मला ते पटतं, पण उंबरठा जितका चढेल तितका रुग्ण बरा, असं सरळ गणित काही जमलेलं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर कोड्यातच टाकतो. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला, उंबरठ्याच्या जेमतेम वर वीज दिली, तेव्हा फिट व्यवस्थित आली, पण गुण आला १७ टक्के रुग्णांना. दोन्ही बाजूंनी दिली तेव्हा ६५ टक्क्यांना. म्हणजे नुसती फिट पुरत नाही. उजव्या बाजूने द्यायची तर उंबरठ्याच्या सहापट वीज लागते, हे पुढे कळलं.

ऑनलाइन मिळणारे 'मूड सुधारणारे' करंटचे हेडबँड यात मोजू नका. त्यांचा एक-दोन मिलिअँपिअर करंट फिटच्या जवळपासही जात नाही.

स्मरणशक्तीची तक्रार मात्र खरी आहे. उपचाराच्या आसपासचे दिवस, आठवडे पुसट होतात, आणि काहींच्या जुन्या आठवणीही परत येत नाहीत. हे आधी सांगून मगच संमती घ्यायला हवी. दुसरी अडचण बरं झाल्यावरची. ईसीटीने सुधारलेल्यांना पुढे औषधाऐवजी नुसती खोटी गोळी दिली, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. लिथियम आणि नॉरट्रिप्टिलिन ही दोन औषधं जोडीने घेणाऱ्यांत हाच आकडा ३९ होता.

काकूंनी चौथ्या ईसीटीनंतर पेज मागितली. त्यांच्या गोळ्या चालू आहेत. अ‍ॅडमिट केलं तो दिवस त्यांना आजही आठवत नाही.