निरोप पोचला, पण पुरा झाला का?

१९९० च्या सुमारास नागपुरात इतवारीतल्या एखाद्या अडत्याच्या पेढीवर संगणक असला, तर त्यावर खातेवहीसाठी डीबेस आणि पत्रांसाठी वर्डस्टार अशी जोडी सर्रास दिसे. बाकीदारांना तगाद्याची पत्रं पाठवायची, तर नावं आणि रकमा डीबेसकडे, मजकूर वर्डस्टारकडे. डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीवर साधारणपणे एका वेळी एकच प्रोग्राम चाले, त्यामुळे दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. मग डीबेस एक साधी फाइल काढून देई: प्रत्येक ओळीत एक गिऱ्हाईक, मध्ये स्वल्पविराम. नाव मात्र अवतरणचिन्हांत, कारण नावातच स्वल्पविराम आला तर रक्कम भलत्याच रकान्यात जायची. डीबेस बंद करून वर्डस्टार उघडलं, की त्याचं मेलमर्ज ही फाइल वाचून पत्रं भरत जाई.

ही पद्धत साधी वाटते, पण ती भक्कम होती. लिहिणारा पूर्ण थांबल्यावरच वाचणारा सुरू होई. खरी अडचण दोघं एकाच वेळी चालू लागले, की येते. नेटवर्कवर एक संगणक फाइल लिहितोय आणि दुसऱ्याने ती अर्धवटच उचलली, तर निम्म्या बाकीदारांना पत्रंच जात नाहीत आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाणकार प्रोग्रामर आधी तात्पुरत्या नावाने लिहीत आणि सगळं झाल्यावरच फाइलला ठरलेलं नाव देत. माझ्या मते, इतक्या कमी खर्चात इतकं काम करणारी दुसरी युक्ती नाही.

युनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीने वेगळी वाट धरली. प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला. यात एकाने लिहायचं, त्याच वेळी दुसऱ्याने वाचायचं. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत मधली जागा फक्त ४०९६ बाइटची होती. ती भरली की लिहिणाऱ्याला झोपवलं जाई, रिकामी झाली की वाचणाऱ्याला. थांबायचं कोणी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठरवावंच लागत नसे.

डॉसमध्येही १९८३ च्या २.० आवृत्तीपासून पाइपची तीच खूण, ‘|’ ही उभी रेघ, आली, पण आत सगळा फाइलचाच कारभार. पहिली आज्ञा पूर्ण चाले, तिचं उत्तर डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये जाई, मग दुसरी सुरू होई. फ्लॉपीवर जागा नसली किंवा तिच्यावर लिहिता येऊ नये म्हणून तिची खाच चिकटपट्टीने बंद केलेली असली, की पाइप तिथेच कोलमडे.

सगळ्यात वेगवान मार्ग म्हणजे दोघांनी मेमरीचा एकच तुकडा वापरणं. आयबीएम पीसीमध्ये तर प्रोग्रामांच्या आपसातल्या देवघेवीसाठी १६ बाइट राखून ठेवले होते, पण त्यांच्यावर पहारा कुणाचाच नव्हता. अशा सामाईक जागेत ६५५३५ हा आकडा आहे आणि एक प्रोग्राम त्याचा ६५५३६ करतोय, असं समजा. ८०८६ प्रोसेसर एका वेळी १६ बिटच, म्हणजे ६५५३५ पर्यंतचाच आकडा, लिहितो; त्यामुळे हा आकडा दोन हप्त्यांत लिहिला जाणार. खालचा अर्धा लिहून झाला आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याने वाचला, तर त्याला शून्य दिसतं. वरचा अर्धा आधी लिहिला, तर १३१०७१ दिसतो. दोन्ही आकडे तिथे कोणी ठेवलेलेच नव्हते!

यावरचा उपाय नागपूरकरांना सहज पटेल. आपल्या डायमंड क्रॉसिंगवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रूळ एकमेकांना छेदतात. एक गाडी त्या चौकात असेपर्यंत आडव्या रुळावरच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेला सेमाफोर हेच करतो: आत जाताना खूण खाली, बाहेर पडताना वर. मात्र बाहेर पडताना खूण वर करायला एखादा प्रोग्राम चुकला, तर बाकीचे कायमचे खोळंबतात.

विंडोजमध्ये १९८७ पासून डीडीई, म्हणजे चालू प्रोग्रामांनी एकमेकांशी माहितीची देवघेव करायची सोय, आली आणि पुढे एक्सेलमधला भाव बदलला की वर्डमधल्या पत्रातही बदलू लागला. संवाद सुरू करताना माहिती विचारणारा प्रोग्राम उघड्या असलेल्या सगळ्या मुख्य खिडक्यांना हाक घालतो आणि प्रत्येकीने ती घेईपर्यंत पुढे सरकत नाही. त्यामुळे या व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेला तिसराच प्रोग्राम अडकून पडला, तरी विचारणारा त्याच्यापायी ताटकळत बसतो.