गाडी ठोकली, चूक आपलीच! क्लेम टाकायचा की नाही?

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल सुटताना पुढच्या गाडीला टेकलं, किंवा कॉलेज रोडच्या पार्किंगमधून मागे घेताना खांब लागला. पहिला फोन घरी जातो, दुसरा आमच्या इन्शुरन्सच्या ऑफिसात. प्रश्न ठरलेला असतो: "चूक माझीच होती हो. आता इन्शुरन्स किती महाग होणार?"

आम्ही उलट विचारतो, "गॅरेजवाला बिल किती सांगतोय?" समोरच्याला वाटतं, आम्ही विषय टाळतोय. पण उत्तर त्या बिलातच असतं.

आपल्याकडे 'चूक कोणाची' यापेक्षा 'क्लेम घेतला का' याला जास्त वजन आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून घेतलं की पुढच्या रिन्यूअलला एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट), शून्यावर येतो. तुम्ही खांबाला घासली असो की टेम्पोने मागून ठोकलं असो. दुसऱ्या प्रकारात लोक फार चिडतात, आणि त्यांचं चिडणं आम्हाला चुकीचं वाटत नाही. पण नियम तसा आहे.

एनसीबी वर्षागणिक चढतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर (समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर) नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं: १ जून २०२२ पासूनच्या दरांत खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. अपघात तुमच्या हातून झाला म्हणून हा आकडा वाढत नाही.

आता इंदिरानगरच्या एका सरांची गोष्ट. सोसायटीत गाडी मागे घेताना बंपर गेला, टेललॅम्पही फुटला. सर थेट गॅरेजला निघाले होते. आम्ही म्हटलं, "सर, पाच मिनिटं बसा, आधी हिशेब करू." आकडे समजायला सोपे जावेत म्हणून इथे गोळाबेरीज करून देतोय.

गाडी १२०० सीसी, पाच वर्षं जुनी, एनसीबी पूर्ण ५० टक्के. सूट धरली नाही तर ओन डॅमेजचा हप्ता १२,००० रुपये, सूट धरून ६,०००. गॅरेजचं बिल १४,०००: प्लास्टिकचे भाग ९,०००, पेंटिंग ४,०००, मजुरी १,०००. प्लास्टिकवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) ५० टक्के, म्हणजे कंपनी देणार ४,५००. पेंटिंगच्या खर्चातला पाव हिस्सा रंगाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ५०० कापून ३,५००. मजुरी पूर्ण. बेरीज ९,०००. त्यातून प्रत्येक क्लेमला सक्तीने कापले जाणारे १,००० गेले (१५०० सीसीवरच्या गाडीला २,०००). हातात उरले ८,०००.

आता दुसरी बाजू. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी सूट शून्य, म्हणजे ६,००० जास्त. मग २० टक्क्यांपासून पुन्हा सुरुवात: दुसऱ्या वर्षी ३,६०० जास्त, तिसऱ्या वर्षी ३,०००, चौथ्या वर्षी १,८००, पाचव्या वर्षी ६००. झाले १५,०००. वर १८ टक्के जीएसटी धरला की १७,७००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. तरी ८,००० साठी एवढे घालवायचे? सरांनी बिल खिशातून भरलं. जाताना म्हणाले, "गणित मी शिकवतो, आणि हिशेब तुम्ही केलात."

झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असतं तर घसारा कापला गेला नसता आणि १३,००० मिळाले असते. तरीही तोटाच. पण हे सूत्र डोळे मिटून लावू नका. तुमची सूट अजून २० टक्क्यांवर असेल तर गमवायला तुलनेने कमी आहे. इंजिन, दरवाजे, चॅसीपर्यंत मार लागला असेल आणि बिल ५०-६० हजारांत जात असेल, तर बिनधास्त क्लेम टाका. इन्शुरन्स त्यासाठीच घेतलाय. पॉलिसीच्या त्याच वर्षात आधी एक क्लेम झाला असेल, तर दुसऱ्याने एनसीबी आणखी काही खाली जात नाही, तो आधीच शून्यावर आलेला असतो.

२००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्या स्वतः ठरवतात. त्यामुळे वारंवार क्लेम असतील तर काही कंपन्या एनसीबीव्यतिरिक्त स्वतः देत असलेली सूट आखडतात किंवा मूळ दरच वाढवतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे कोटेशनही मागवून बघतो. मात्र तिकडे जाताना "क्लेम नाही" असं खोटं लिहायचं नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खात्री करते, आणि खोटं सापडलं की नेमका गरजेच्या वेळचा क्लेम अडतो.

चूक खरोखर महागात पडते ती समोरच्याला लागलं तर. जखमी किंवा मृत्यूची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं आणि थर्ड पार्टी पॉलिसी ती रक्कम भरते, त्याला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या गाडीच्या किंवा भिंतीच्या नुकसानीला मात्र खासगी कारसाठी साडेसात लाखांची मर्यादा असते. नुसता थर्ड पार्टी दावा झाला आणि तुम्ही स्वतःच्या गाडीचा क्लेम घेतला नाही, तर एनसीबी टिकतो. पण दारू पिऊन किंवा वैध लायसन्स नसताना गाडी चालवली असेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम मिळणार नाही. समोरच्याला दिलेली रक्कमही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते.

रस्त्यावर गर्दी जमली, आवाज चढले, की लोक घाबरून कागदावर "चूक माझी" लिहून देतात किंवा पाच-दहा हजार काढून देतात. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असं वचन देणं किंवा पैसे देणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही, आणि ते पैसे नंतर कंपनीकडून मिळत नाहीत. कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस, वाद नंतर.

गॅरेजला गाडी सोडण्याआधी चारही बाजूंचे आणि नंबर प्लेटचे फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाका, सोबत पॉलिसीचं पहिलं पान. क्लेम टाकायचा असेल तर सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. आणि जानेवारीचा ओरखडा याच क्लेममध्ये बसवा, असं गॅरेजवाल्याला सांगू नका. सर्व्हेअरला गंज दिसतो.