एकराचे 40 प्लॉट पडत नाहीत

वाघोली-हिंजवडीकडे टपरीवर हा हिशेब हमखास ऐकू येतो: एकर म्हणजे 40 गुंठे, गुंठ्याचा भाव गुणिले 40, त्यातून शेतकऱ्याला दिलेले वजा, उरला तो सगळा बिल्डरचा नफा.

गुणाकार बरोबर आहे हो, पण विकायला 40 गुंठे उरतात कुठे? राज्याच्या 2020च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटरपासून पुढच्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडायच्या आराखड्याला, 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आणि एकर भरतो 4047! म्हणजे 4 गुंठे गेले. चौरस एकरातून 9 मीटरचा एकच रस्ता आरपार काढा, आणखी साडेपाच गेले. राहिले तीसेक. मोजणी, विकास शुल्क, मुरूम-खडी, गटारं, विजेचे खांब हा सगळा खर्च त्याच तिसांवर बसतो. नफा असतोच, पण टपरीवरच्या आकड्याएवढा नव्हे.