कोकण किनारपट्टीतील स्त्रिया : श्रम आणि राजकीय सहभाग

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर भातशेती, मासळी आणि काजू या तिन्ही व्यवसायांचा मोठा भार स्त्रिया वाहतात. लावणी, मासळीची विक्री, बी फोडणे ही कामे त्यांच्या हातची. सातबारा, नौकेचा परवाना आणि गावकीची (गावच्या पंचमंडळींची) बैठक मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे. म्हणून ‘बाईने घराबाहेर पडावे’ ही शहरी चर्चा इथे अपुरी ठरते. कोकणातली बाई केव्हाच बाहेर पडलेली आहे. मालकीत आणि निर्णयात तिचा वाटा किती, हे पाहावे लागते.

मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातले (१९८१ पर्यंत सिंधुदुर्ग त्यातच होता) पुरुष चाकरमानी झाले. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण होते ९२९. घरातले पुरुष नोकरीला परगावी, हे या आकड्यामागचे मोठे कारण. मागे राहिलेल्या बायकांनी शेत कसले, गुरे राखली, म्हाताऱ्यांचे केले. तरीही देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी (दगडी पायवाट), नळयोजना यांचे निर्णय पुष्कळदा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात व्हायचे आणि गणपती-शिमग्याला गावात कळायचे. मनीऑर्डर पाठवणाऱ्याचा शब्द मोठा ठरला आणि वाडी चालवणारीला विचारायचे राहून गेले. कोकणातल्या स्त्रीच्या राजकीय दुय्यमपणाचे हे मूळ पुरेसे अभ्यासले गेलेले नाही, असे म्हणावे लागते.

मासळीत कामाची वाटणी ठरलेली आहे : समुद्र पुरुषांचा, बाजार बायकांचा. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत होडी लागली की लिलावात बोली लावणे, बर्फ घालणे, पाटी घेऊन बाजार गाठणे आणि उधारी वसूल करणे हे कोळी, गाबीत, दालदी समाजांतल्या स्त्रिया करतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीच्या बंदीकाळात घर तगते ते त्यांनी उन्हाळ्यात खारवून-वाळवून ठेवलेल्या बोंबील, जवळा, सोड्यांच्या विक्रीवर; आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) खरेदीत हीच सुकी मासळी घरोघर जाते. घरातला रोख पैसा हाती असल्याने कोळणीचा शब्द घरात चालतो. तिची सत्ता खरी आहे, पण ती उंबऱ्याशी थांबते. मच्छीमार सोसायट्यांत नौकामालकांचा वरचष्मा असतो, डिझेलचा परतावा नौकेच्या नावावर जमा होतो, आणि वादळानंतर पंचनामा होडीचा-जाळ्याचा होतो, बुडालेल्या बाजारदिवसांचा होत नाही. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्त्रियांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्के अनुदान आहे (सर्वसाधारण गटाला ४० टक्के). त्याचा फायदा घ्यायला आधी पदरचा हिस्सा किंवा कर्ज उभे करावे लागते.

काजू कारखान्यांत बी फोडणे, सोलणे, प्रतवारी ही बहुतांशी बायकांची कामे. मजुरी अनेक ठिकाणी किलोवर. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी जळते, म्हणून हाताला तेल किंवा राख लावून त्या बसतात. समान वेतनाची तरतूद कायद्यात १९७६ पासून आहे, पण स्त्रियांच्या बाकावर तुलनेला पुरुषच नसेल तर असमानता दाखवायची कशी? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली झालेल्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. वाडीवरच्या छोट्या युनिटातल्या बाईपर्यंत हे पोचवणे हे खरे काम आहे.

मुंबई प्रांतात स्त्रियांना विधिमंडळासाठी मताधिकार १९२१ साली मिळाला, तोही मालमत्तेच्या अटीवर. मालमत्ता नसलेल्या बाईला सार्वजनिक जीवनात आणले ते चळवळींनी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेवेळी मंडणगडजवळच्या आंबडव्याशी वडिलोपार्जित नाते असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांच्या सभेपुढे स्वतंत्र भाषण केले. पुढल्या वर्षी त्यांनी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. उत्तरेला तलासरी-डहाणूत १९४५ पासून गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित केले. पुढे अलिबागच्या आमदार मीनाक्षी पाटील राज्यमंत्री झाल्या. रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या आदिती तटकरे २०१९ साली श्रीवर्धनमधून निवडून येऊन मंत्रिमंडळात गेल्या. दोघींमागे राजकीय घराणे होते. घराण्याशिवाय विधानसभेपर्यंत पोचणे बाईला अजून फार अवघड आहे.

जगातही चित्र अपुरेच आहे. न्यूझीलंडने १८९३ साली मताधिकार दिला, तरी आज जगभरच्या संसदांत स्त्रिया साधारण २७ टक्के आहेत. रवांडात ६० टक्क्यांहून अधिक, तर २०२४च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४. कोकणाला जवळचे वाटावे असे उदाहरण मासळीवरच उभ्या असलेल्या आइसलंडचे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे-दारचे काम थांबवले, मासळीचे कारखाने बंद पडले, आणि १९८० साली विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या.

महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना १९९० साली ३० टक्के जागा दिल्या. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एकतृतीयांश आल्या आणि राज्याने २०११ साली त्या ५० टक्के केल्या. सरपंचबाईच्या खुर्चीमागून नवऱ्याने कारभार हाकण्याचे प्रकार घडले, आजही घडतात. पण पाणी, शाळा, रेशन यांची नड रोज सोसणारी बाई एकदा ठराव वाचायला शिकली की ती सहीपुरती राहत नाही. नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. मासळीबाजाराच्या वेळेला ती ठेवली तर विक्रेत्या येणार कशा, हे वेळ ठरवणाऱ्याने पाहायला हवे. बचत गटांनी कारभारात भाग घेण्याच्या सवयीला बळ दिले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती राज्याने १९९४ साली आणि देशाने २००५ साली केली. तरी भावाला दुखवायचे नाही म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही कोकणात खूप आहेत.