राजपुत्र पुण्याला आला आणि मॉन्ट्रियलला गेला

२१ जानेवारी २०२६ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीने सहा गेम एकदम रद्द केले. त्यातल्या बहुतेकांची नावंही लोकांना ठाऊक नव्हती. नाव ठाऊक असलेला आणि चटका लावून गेलेला होता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक, म्हणजे जुन्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती. तो पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा विक्रीची तारीख दिली होती २१ जानेवारी २०२१. ज्या तारखेला दुकानात यायचा, बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला तो मोडीत निघाला. आपल्याकडे या बातमीची जास्त चर्चा झाली, कारण या गेमची सूत्रं आधी पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. मे २०२२ मध्ये ती काढून कॅनडात नेली गेली. त्या निर्णयावरून भारतातल्या गेम करणाऱ्यांत अजून दोन तट आहेत.

राजपुत्राचा १९८९ चा पहिला अवतार, तासभरात राजकन्येला सोडवायची ती धावाधाव, खाली टपून बसलेले सुळे, हे सगळं इथे पुन्हा सांगायला नको. आपल्या प्रकरणाशी संबंध आहे तो २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा. तो युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने केला. खंजिराने काळ मागे फिरवायची त्यातली युक्ती इतकी गाजली की पुढे कितीतरी गेमांनी ती उचलली. योगायोग असा की त्याची कथा सुरूच होते ती हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या वाड्यावरच्या हल्ल्याने. खंजीर तिथूनच लुटलेला असतो आणि नायिका त्याच महाराजाची मुलगी. रीमेक भारतात होणार हे कळल्यावर ही गोष्ट अनेकांनी हौसेने उगाळली. काम इथे येण्यामागे मात्र हिशेब वेगळे होते. दरम्यान राजपुत्राच्याच पुढच्या भागाचा विचार करता करता ‘असॅसिन्स क्रीड’ हा वेगळाच गेम जन्माला आला, २००७ मध्ये बाजारात गेला आणि घरातलं सगळं लक्ष त्याने खाल्लं. २०१० नंतर टीव्ही-संगणकावर खेळायचा राजपुत्र अडगळीतच पडला.

मॉन्ट्रियलबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो स्टुडिओ १९९७ मध्ये उघडला तो क्वेबेक सरकारने नोकऱ्यांच्या हिशेबाने दिलेल्या अनुदानाच्या जोरावर. पहिली काही वर्षं तिथे लहान मुलांचे, खेळण्यांच्या आणि कार्टूनच्या परवान्यावरचे साधे गेम होत होते. स्टुडिओचं नाव झालं ते २००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’ या मोठ्या गेमने, म्हणजे पाच वर्षांनी. आज ‘राजपुत्राचं माहेर’ म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, तो स्टुडिओही कधीकाळी नवखा होता. त्याला लहान लहान गेम स्वतःच्या जबाबदारीवर करून शिकायला मिळालं.

पुण्याची सुरुवात वेगळ्या धंद्यातून झाली. युबिसॉफ्ट काढणाऱ्या पाच भावांपैकी एकाने पुढे मोबाइल गेमांसाठी गेमलॉफ्ट काढली होती. तिच्या पुण्यातल्या स्टुडिओत तेव्हा सुमारे १२० माणसं होती. २००८ मध्ये युबिसॉफ्टने तो स्टुडिओ आपल्याकडे घेतला. एका अर्थाने घरातल्या घरातलाच व्यवहार.

त्या काळातला मोबाइल गेमचा धंदा आज समजावून सांगावा लागतो. आयफोनने सगळं बदलण्याआधी बाजारात बटणांचे शेकडो फोन होते. एकाचा पडदा १२८ बाय १२८, दुसऱ्याचा १७६ बाय २०८, तिसऱ्याचा २४० बाय ३२०. काही साध्या नोकियांवर अख्खी जावा फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. मग आवाज काढा, चित्रांचे रंग कमी करा, एखादी अख्खी पातळी उडवा. प्रत्येक फोनची बटणं वेगळी, प्रत्येकाचे बग वेगळे. मूळ गेम कुठेतरी युरोपात ठरायचा आणि त्याच्या शंभर-दोनशे आवृत्त्या करायचं काम जिथे माणूसबळ स्वस्त तिथे जायचं. याला पोर्टिंग म्हणत. बाहेरून ते हमाली वाटे. ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे की तुटपुंज्या मेमरीत गेम चालवायची जी अक्कल त्यातून आली, ती कुठल्या कोर्समध्ये मिळाली नसती. पण पोर्टिंगमध्ये एक गोष्ट कधीच शिकायला मिळत नाही, ती म्हणजे गेम कसा असावा हे ठरवणं. ते आधीच ठरून आलेलं असतं.

भारतातल्या जवळजवळ सगळ्याच गेम धंद्याची ही गत होती. बंगळुरूत १९९७ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव इंटरअॅक्टिव्हने परदेशी रेसिंग गेमांसाठी मोटारी घडवण्यात नाव कमावलं. शेवटी २०१९ मध्ये रॉकस्टार या परदेशी गेम कंपनीने ती विकत घेऊन आपल्या भारतीय शाखेत मिसळून टाकली. मुंबईची इंडियागेम्स आधी एका चित्रपट कंपनीकडे आणि तिच्यामार्फत डिस्नेकडे गेली. हैदराबादच्या एका स्टुडिओने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी हनुमानावर गेम केला. संपूर्ण भारतात घडलेला पहिला कॉन्सोल गेम (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरचा) म्हणून त्याचं कौतुक झालं, खेळणाऱ्यांनी मात्र त्याला फारशी दाद दिली नाही. मोठ्या बजेटचा गेम पहिल्या ओळीपासून शेवटच्या बगपर्यंत भारतात सांभाळला गेल्याचं उदाहरण नव्हतंच.

युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओने मधल्या काळात ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या गेमच्या मालिकेत पॅरिसच्या स्टुडिओसोबत वर्षानुवर्षं काम केलं. दरवर्षी ठरलेल्या वेळी निघणारा, अनेक कॉन्सोलवर एकाच दिवशी जाणारा गेम वेळेत काढणं ही लहान गोष्ट नाही. राजपुत्राशी ओळखही जुनी होती, कारण ‘द शॅडो अँड द फ्लेम’ हा दुसरा भाग २०१३ मध्ये मोबाइलसाठी नव्याने निघाला तो पुण्यातूनच. २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला आणि दोघांची जोडी झाली. रीमेकची आखणी साधारण याच सुमारास सुरू झालेली दिसते, कारण जाहीर करताना अडीच वर्षांचं काम झाल्याचं आणि १७० जण त्यावर असल्याचं सांगितलं गेलं. युबिसॉफ्टच्या भारतीय स्टुडिओंनी तोवर हाती घेतलेलं हे सगळ्यात मोठं काम होतं.

१० सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला आणि काही तासांत हसं झालं. चेहरे मेणासारखे दिसतात, प्रकाश सपाट आहे, हा प्लेस्टेशन ३ च्या काळातला गेम वाटतो, अशा प्रतिक्रिया होत्या. दिग्दर्शन करणाऱ्याने मुलाखतींत सांगितलं की हा परीकथेसारखा वेगळा बाज जाणूनबुजून निवडला आहे, ‘असॅसिन्स क्रीड’ची नक्कल करायची नव्हती. ते कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर ट्रेलर वाईटच होता. पण तो ज्या बाजारात आला तो बाजारही बघायला हवा. २०१९ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल २’ आणि २०२० च्या एप्रिलमध्ये ‘फायनल फँटसी ७’ नव्याने येऊन गेले होते. नोव्हेंबरात नव्या पिढीचे कॉन्सोल येणार होते, त्यातल्या प्लेस्टेशन ५ सोबत ‘डीमन्स सोल्स’चा झळाळता रीमेक. त्यांच्या रांगेत पुण्या-मुंबईचा राजपुत्र उभा केला गेला तो जुन्या कॉन्सोलसाठी आणि ४० डॉलरला. पूर्ण किमतीचे गेम तेव्हा ६० ला होते आणि नव्या पिढीत ७० कडे निघाले होते. किंमत ठरवणाऱ्यांनीच हा मधल्या मापाचा गेम मानला होता. लोकांनी तो सर्वोत्तमांशी ताडून पाहिला.

त्यात भर टाळेबंदीची. माणसांच्या हालचाली आणि अभिनय नव्याने टिपायचे, गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, ‘अॅनव्हिल’सारखं अवजड, आणि टीम दोन शहरांत घरोघरी विखुरलेली. डिसेंबर २०२० मध्ये तारीख १८ मार्च २०२१ वर गेली. फेब्रुवारीत मार्चही गेला आणि नवी तारीख दिलीच नाही. ३ मे २०२२ ला कळवलं गेलं की यापुढे नेतृत्व मॉन्ट्रियल करील आणि पुणे-मुंबईने केलेल्या कामाच्या पायावर पुढचं बांधकाम होईल.

वादाची जागा ही आहे. एक तट म्हणतो, निर्णय बरोबर होता. दीड वर्ष लांबवूनही गेम उभा राहत नसेल तर ज्यांना मोठे गेम काढायचा सराव आहे त्यांच्याकडे तो द्यावा, त्यात देशाभिमान आणायचं कारण नाही. भारतीय स्टुडिओंमध्ये मधली फळी विरळ होती हेही खरं आहे. वीस-वीस वर्षं मोठ्या गेमांची रचना केलेली माणसं इथे मिळत नव्हती, कारण तसे गेमच इथे झाले नव्हते. ज्याला ‘करा’ म्हणून आयुष्यभर सांगितलं गेलं, त्याला अचानक ‘ठरवा’ म्हटलं की अडखळणं आलंच.

दुसरा तट याच मुद्द्यावरून उलट निष्कर्ष काढतो, आणि प्रस्तुत लेखकाला तो जास्त पटतो. ही उणीव मुख्यालयाला माहीत नसणं शक्य नव्हतं. दहाएक वर्षं मदतनीसाचं काम दिल्यावर पहिली मोठी जबाबदारी म्हणून एखादा नवा, मध्यम आकाराचा गेम देता आला असता. तो पडला असता तरी चार जणांना कळलं नसतं. त्याऐवजी दिला तो असा गेम, ज्याची प्रत्येक उडी चाहत्यांना पाठ होती. नाव आधीच विकलं जाणारं, म्हणून धोका कमी, असा कागदावरचा विचार असावा. प्रत्यक्षात धोका सगळ्यात जास्त तिथेच होता. मॉन्ट्रियलला १९९७ ते २००२ जी उमेदवारी करायला मिळाली, ती पुण्याला मोबाइलपुरती मिळाली, कॉन्सोलवर नाही.

मे २०२२ नंतर जे घडलं ते बातम्यांत त्रोटक येतं. ‘पुण्याला जमलं नाही’ हे वाक्य ठळक आणि पुढचं बारीक अक्षरात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आगाऊ नोंदणीचे पैसे परत केले गेले. मे २०२३ मध्ये मॉन्ट्रियलकडून सांगण्यात आलं की गेम अजून संकल्पनेच्या टप्प्यावर आहे, नमुने करून पाहणं चालू आहे. म्हणजे ज्या पायावर बांधायचं म्हटलं होतं, तो बहुधा उकरून काढला होता. जून २०२४ मध्ये मेणबत्तीची एक छोटी झलक दाखवून २०२६ हे साल दिलं गेलं, टोरंटोच्या स्टुडिओचीही मदत घेतली गेली. आणि २०२६ च्या पहिल्याच महिन्यात, अपेक्षित दर्जा गाठायला आणखी जो वेळ आणि पैसा लागेल तो परवडणारा नाही, असं सांगून गेम बंद केला. पुणे-मुंबईने अडीच वर्षांत निदान खेळतानाची दृश्यं दाखवली होती. माहेरच्या स्टुडिओने जवळजवळ पावणेचार वर्षांत मेणबत्ती दाखवली. याचा दोष मॉन्ट्रियलच्या माणसांना द्यावा असंही नाही. त्याच काळात कंपनी पैशाच्या ओढगस्तीत होती, एकामागून एक प्रकल्प कापले जात होते. राजपुत्राचाच ‘द लॉस्ट क्राउन’ जानेवारी २०२४ मध्ये माँपेलियेच्या स्टुडिओने काढला, त्याची वाखाणणी झाली, तरी वर्ष संपायच्या आत ती टीम पांगवली गेली.

पुण्यात याच दरम्यान आणखी एक गोष्ट घडून गेली होती. राजपुत्राचा ट्रेलर यायच्या महिनाभर आधी, १८ ऑगस्ट २०२० ला, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ निन्टेन्डो स्विचवर आणला. मूठभर माणसं, लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये फसलेली, पदरचे पैसे घातलेले. त्या गेममध्ये उणिवा आहेत, लढाई लवकर एकसुरी होते, शेवट तर गडबडीत उरकल्यासारखाच आहे. पण राजस्थानी धाटणीच्या किल्ल्यांत हिंदू आणि बाली पुराणांतून उभं केलेलं ते जग कसं असावं हे पुण्यात ठरलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा लढाईचा गेम, मोबाइलवर उतरवला. त्याची चाल तुम्हाला आवडो न आवडो, तोही कुणी परदेशातून आखून दिलेला नव्हता.

रीमेकवर राबलेल्या माणसांच्या हातात मात्र काही उरलेलं नाही. या धंद्यात पुढची नोकरी मिळते ती संपलेल्या गेमच्या श्रेयनामावलीतल्या नावावर. केलेलं काम गोपनीयतेच्या कराराखाली असतं, ते मुलाखतीतही उघडून दाखवता येत नाही. गेम मॉन्ट्रियलहून जरी बाहेर पडला असता तरी शेवटच्या पाट्यांमध्ये पुण्या-मुंबईची नावं कुठेतरी आली असती. आता ती यादीच निघणार नाही.